सातवा रकाना

भायखळ्याला, राणीच्या बागेच्या मागच्या अंगाला,
दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर मी फॉर्म भरते.
नाव, वय, कुठं दुखतं, कधीपासून.
सातव्या रकान्यात विचारायचं:
सुयांनी किती फरक पडेल असं वाटतं?
शून्य ते दहा. एकच आकडा.

माझगाव कोळीवाड्याच्या यमुना वैती म्हणाल्या, लिव दहा.
टोपली जावेच्या डोक्यावर देऊन आलेय,
दहाच्या खाली मला परवडायचं नाय.

मुसा तुंगेकर, जरीकाम, मदनपुरा. मान.
चाळीस वर्षं सुई दुसऱ्यांच्या कापडात घातलेली.
सुई काय करते ते मला ठाऊक आहे, बाई.
भोक पाडते. जोडतो तो धागा.
मग किती लिहू?
ते हसले. धागा तुमचा की माझा, ते आधी सांगा.
मी पाच लिहिलं.
त्यांनी पेन मागून घेतलं, खोडून सहा केलं.

नाबर, निवृत्त ऑडिटर. शून्य, आणि आकड्याखाली सही.
सुई अजून डॉक्टरांच्या चिमटीत होती
तेव्हाच त्यांचा गुडघा कळवळला.
मन चिंती ते वैरी न चिंती,
माझी आई म्हणायची, दुसऱ्याच कशावरून तरी.

ट्रे दोन.
एकातल्या सुया आत जातात.
दुसऱ्यातल्या बोथट: कातडीला टेकली
की दांडी मुठीत सरकते, आत गेल्यासारखी दिसते.
कुणाला कुठल्या, ते लखोट्यात बंद.
दोन्हींपैकी एक मिळेल, हे सगळ्यांना आधीच सांगितलेलं,
सह्याही घेतलेल्या.
ऐकलं कुणी, कोण जाणे. त्या वेळी बागेतला मोर ओरडत होता.

टिपणीस डॉक्टर मला बजावायचे,
विचारताना सूर सपाट ठेव, जनगणनेसारखा.
मी ठेवला.
यमुनाबाईंना विचारताना मात्र
हसले होते बहुतेक.

एप्रिलात लखोटे फोडले.
मुसाभाईंच्या सुया खऱ्या. मान होती तशीच,
झोप मात्र लागते म्हणाले, आणि झोपेला फॉर्मवर जागा नव्हती,
म्हणून मी समासात लिहिली.
नाबरांच्याही खऱ्या. दुसऱ्या खेपेनंतर ते आलेच नाहीत.
यमुनाबाईंच्या बोथट.

त्यांचा खांदा सहाव्या आठवड्यात मोकळा झाला होता.
टोपली पुन्हा स्वतःच्या डोक्यावर.
मला वर्तमानपत्रात बांधून बोंबील आणले होते,
मंडईत दोघीतिघींना माझा पत्ताही दिला होता.

नियमाप्रमाणे पत्र प्रत्येकाच्या हाती द्यायचं.
चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी ते वाचलं,
ओठ हलवत, दोनदा.
म्हंजे नुसत्या टेकवल्या?
मी मान हलवली.
पंख्याचा आवाज फार होता खोलीत.
मग माझा हात वर कुणी केला गं?

मला फॉर्म भरायचे पैसे मिळतात.
मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

त्यांनी ग्लास घेतला नाही. उजवा हात उचलला,
कानावरून, केसांवरून, थेट वर.
गेला.
खाली आणला.
आणि पुन्हा उचलला,
या खेपेला जरा सावकाश,
काचेची बरणी फळीवर ठेवताना उचलावा तसा,
माझ्या तोंडाकडे बघत.