म्ह

ग्रिम्सबीच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
खिडकीतून बंदर दिसत नाही, वास मात्र येतो.
विल्फ ब्लँचर्ड, वय एकाहत्तर.
चाळीस वर्षं पहाटेच्या लिलावात
हॅडकचे भाव ओरडले याने.
आता बोलतो ते घशात खडी घोळवल्यासारखं.
मंगळवारी त्याचं स्वरयंत्र काढायचं आहे.

"दाखव तरी, काय काय जाणार ते."

मी प्लास्टिकचा नमुना त्याच्या हातात देते.
पुढे ही ढाल. हिचं टोक म्हणजे तुमचा कंठमणी,
रोज दाढी करताना चुकवलेला.
खाली अंगठी, खडा मानेच्या बाजूला वळवलेली.
वर पान, घास आला की वाट झाकणारं.
आणि ही डावी नस बघा:
कवटीतून निघते, घशाशेजारून जाते,
थांबत नाही,
छातीत उतरून महाधमनीला वळसा घालते
आणि मग परत वर, घशाकडे.

"बसचा रूट आहे हा," विल्फ म्हणतो,
"कौन्सिलनं आखलेला."

मग दुर्बीण मी माझ्याच नाकात घालते.
तीन महिने हा मला मॅस्कर म्हणतोय.
म्हसकर, मी म्हणते. हळू. म्ह.
स्क्रीनवर दोन पांढऱ्या पट्ट्या थरथरतात,
करंगळीच्या नखाएवढ्या,
आणि त्यांच्या मागे एक फट, तिळाएवढी,
तिच्यातून श्वास निसटतो, आवाजाच्या सोबतीनं.
दार लोटलेलं, कडी न लावलेली.
आमच्याकडे या फटीतून
म्हैस येते, न्हाणी येते, कोल्हा, केव्हा,
आणि दर दुसऱ्या वाक्याला म्हणजे.

"ही फट मला आहे?"
आहे की. अजून चार दिवस,
हे मी म्हणत नाही.

तो करून बघतो. मऽ. मॅ. खोकला.
मह. परत खोकला.
बाहेर ट्रॉली जाते, कुणीतरी हसतं.
"उद्या," तो म्हणतो.

शुक्रवारी त्याच्या मानेत भोक आहे.
नर्सनं पाटी दिलीय.
आधी लिहितो: चहा?
मी मान हलवते. अजून नाही.
मग माझं नाव. स्पेलिंग बरोबर,
एचखाली दोन रेघा.
मग पाटी बाजूला ठेवतो, माझ्याकडे बघतो,
ओठ घट्ट मिटतो,
आणि भोकातून श्वास सोडतो, ओला, लांब.

म एका दारानं, ह दुसऱ्या.
मी तक्त्यावर वेळ लिहिते: नऊ चाळीस.
पुढचा रकाना काय भरायचा ते
कळत नाही.