तीन लाइनी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, गाजुलांच्या टॉवेल कारखान्यात
एप्रिलची दुपार, पत्रा तापून वाजतोय
आणि मी फरशीवर मांडी घालून बसलेली.
समोर अडगळीतून काढलेला जुना कॉम्प्युटर,
आत कापसाची एवढी लव
की पंखा कुठाय ते बोट घातल्यावर कळलं.

ब्रशने झाडला. जादा दोन कार्डं खोचली.
पेनड्राइव्हवरून राउटरचं सॉफ्टवेअर चढवलं.
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळायला लागली
तसे शरणप्पा दिवाणजी चष्मा वर करून म्हणाले,
"बिघडलं काय की!"
नाही हो. आत्ता कुठं सुरू होतंय.

लाइनी तीन.
मोठ्या कंपनीची फायबर, महिन्यातून चारदा रुसणारी.
केबलवाल्याची, संध्याकाळी सगळी वस्ती मालिका बघायला बसली की पेंगणारी.
आणि खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेला
सिमकार्डाचा डोंगल.
कामाचे सहा वाटे केले :
पहिलीला तीन, दुसरीला दोन, तिसरीला एक.

"म्हणजे तीन दारम पिळून एक जाड दोर?"
मल्लेशम मामांनी विचारलं. चाळीस वर्षं जॉबर,
दोऱ्याला घरचाच शब्द वापरतात.
पीळ नाही बसत, मामा.
एका फाइलला एकच दोरा.
दुसरी फाइल दुसऱ्या दोऱ्यानं, एवढंच.
"मग ताणाच की हा. शेजारी शेजारी. पीळ कशाला?"
दोन वर्षांच्या कोर्समध्ये
हे मला कुणी इतक्या कमी शब्दांत सांगितलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी बँकेनं दिवाणजींना नऊ वेळा बाहेर काढलं.
नाव गेलं एका दारानं, पासवर्ड दुसऱ्या,
बँकेला वाटलं माणसं दोन, त्यातला एक चोर.
त्यात तारीख वीस.
दिवाणजी कपाळाला हात लावून कानडीत काही बोलले,
ते मला कळलं नाही, बरंच झालं.
रात्री नऊला नियम लिहिला :
बँकेशी बोलताना दार बदलायचं नाही.

मग मामांचा दुसरा प्रश्न.
"ताण्याचा धागा तुटला की पिन पडते, माग थांबतो.
तुझ्यात पिन कुठाय?"
म्हटलं, दर पाच सेकंदांनी मी लांबच्या एका पत्त्याला हाक मारते.
ओ आली नाही तर ती लाइन मेली.
"एका हाकेत?" मामा हसले.
"आमची लक्ष्मव्वा तिसऱ्या हाकेला ओ देते.
म्हणजे रोज दोनदा मेली म्हणायचं काय?"
मी एकाचा आकडा पुसून तीन केला.

मे महिन्यात, ऐन कंटेनर भरायच्या वेळी,
दोन्ही दिवे एकदम लाल.
तीन हाका. ओ नाही.
तासभर मी माझीच चूक शोधत बसले,
एकेक ओळ, एकेक नियम, बोट ठेवून.
शेवटी डोक्याला ओढणी बांधून बाहेर पडले
आणि तारेमागं तारेमागं चालत गेले.
ड्रेनेजचा जेसीबी. आडवा पडलेला खांब.
त्याला एकाच काळ्या पट्टीनं बांधलेल्या
दोन्ही लाइनी.

दोन कंपन्या, दोन बिलं, तक्रारीचे दोन नंबर.
खांब एक.
हे माझ्या कुठल्याच पडद्यावर दिसत नव्हतं.

आत आले तर ऑफिसात कुणी बोलत नव्हतं.
सहातला एक वाटा मिळालेला डोंगल
ई-वे बिल ओढत होता, ओळीमागून ओळ,
दिवाणजी प्रत्येक ओळीला मान हलवत होते.
पावणेसातला ट्रक गेटबाहेर पडला.

पलीकडच्या खांबावरून लाइन घ्यायला
केबलवाला बावीसशे मागतो.
शेठ म्हणाले, बघू.
मामा काही म्हणाले नाहीत.
खिडकीशी गेले, डोंगलची सुतळी ओढून बघितली,
आणि खिशातला दोरा काढून
मागावर तुटलेला धागा सांधतात तशी
आणखी एक गाठ मारली,
न बघता.