काकवी

बारा वर्षं विड्या वळून
माझं नाक मेलंय, असं घरात सगळे म्हणतात.
तरी मानेच्या वळीतलं आंबलेलं दूध मला कळतं,
टाळूवरचं तेल,
मुठीत अडकलेला चादरीचा धागा, त्याचासुद्धा.
ते सगळं पुसलं की जातं.

नवव्या दिवशी लंगोटाला काकवीचा वास आला.
सासू हसली, "गोड पोर गं."
नणंद म्हणाली, कारखान्याची मळी,
वारं तिकडून सुटलंय.
मी खिडकी लावून घेतली.
वास आतच होता.
लंगोट बदलला. तासाभरात पुन्हा तोच.
आणि पोर दूध ओढेना.
तळव्याला टिचकी मारली,
रडलंसुद्धा नाही.

पानं भिजलेली तशीच, सुपात तंबाखू तशीच,
कुंभारीहून रिक्षानं सिव्हिलला.

यन्नम सिस्टरनं लंगोट नाकाशी धरला.
"कधीपासून?" एवढंच,
आणि पोराला घेऊन
चपला फटफटवत आत पळाली.

बाकावर बसलेय.
बोटं हुंगून बघते: तंबाखू.
दुसरा एक ओला लंगोट
पदराच्या गाठीत आहे,
कुणी म्हणालंच, तुला भास झाला,
तर सोडून दाखवायला.