शेरा

दुपारी शेहेचाळीस होते. आता रात्री साडेनऊला एकोणचाळीस.
किल्ल्याचा दगड दिवसभर घेतलेलं सगळं
कंपूच्या गल्ल्यांवर परत सोडतो आहे,
आणि आम्ही, बाबा नि मी,
अठ्ठ्याण्णवच्या एस्टीमचं बॉनेट उघडून
तिच्या पोटात थर्मामीटर धरून उभे.

टर्बो ट्रान्सपोर्ट नगरच्या भंगारातला, कुठल्याशा डिझेलचा.
हब्बू उस्ताद म्हणाला होता, लग तो जाएगा बिटिया,
निभेगा कि नहीं, वो तुम जानो.
लागला.
निभण्याचंच चाललंय तेव्हापासून.

आधी प्लग. बूस्ट चढला की ठिणगी
फुंकर मारल्यासारखी विझायची.
फट कमी केली, केसाकेसाने.
मग तिसऱ्या वायरचं रबरी टोपण
टर्बोच्या बाजूने पाकासारखं ओघळलं.
मग टायमिंग.
ठिणगी लवकर दिली तर इंजिन आतून ठोके देतं,
डब्यात खडे हलवावेत तसे.
उशिरा दिली तर गप्प राहतं, शहाण्यासारखं,
पण आग आतल्या आत संपत नाही, बाहेर पडते,
आणि मॅनिफोल्ड अंधारात लाल होतो.
इतका सुंदर लाल, की मिनिटभर कोणी बोललं नाही.
बाबा म्हणाले, ठोके बरे. ऐकू तरी येतात.

रविवारी पट्टी गुंडाळली, काचेच्या तंतूंची,
बादलीत भिजवून, अर्ध्यावर अर्धी चढवत.
कोपरापर्यंत खाज. आईने खोबरेल आणून दिलं
आणि काही विचारलं नाही.
मार्चपासून ती मला कशाबद्दलच विचारत नाही.
मुरैन्याच्या तेलाचा डबा कापून आडोसा केला;
सरसोंचं पिवळं फूल त्यावर अजून आहे, अर्धं.

तरी पेट्रोल पंपावर पाच मिनिटं थांबलो
की गाडी चालू होईना.
चालताना कधीच नाही. थांबल्यावर.

बाबांनी वीज मंडळात बत्तीस वर्षं
ट्रान्सफॉर्मरच्या नोंदी ठेवल्या.
तसलीच वही, तेच रकाने: वेळ, तापमान, शेरा.
कॉइलला तार चिकटवली. इंजिन बंद केलं.
नऊ बत्तीस. एकाहत्तर.
नऊ चौतीस. चौऱ्याऐंशी.
नऊ सदतीस. शहाण्णव.
मी म्हटलं, बंद आहे ना हे?
नऊ बेचाळीस. एकशे तीन.

पाणी थांबलेलं, वारा थांबलेला,
लोखंडात जे काही होतं
ते आता सावकाश वर येत होतं.

शेऱ्याच्या रकान्यात बाबांनी लिहिलं,
सरकारी, उजवीकडे कललेल्या अक्षरात:
बंद केल्यावर वाढतं.

भोपाळहून माझं सामान मार्चमध्ये आलं. सात खोकी,
कोर्टाचा कागद सगळ्यात वर.
एप्रिलभर मी छान होते. सगळ्यांना तसं सांगतही होते.
चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्ह्याचे पेले भरले,
एकही सांडला नाही.

टॉर्चच्या उजेडात मी तो शेरा दोनदा वाचला.
बाबा दहाचा पाना शोधत होते,
जो त्यांच्या खिशात होता.

कॉइल गार कोपऱ्यात हलवली, बॅटरीच्या पलीकडे.
बॉनेटच्या बिजागरीखाली दोन दोन वॉशर,
गरम हवेला निघायला बोटभर वाट.
आणि पंख्याला वेगळा रिले:
किल्ली काढली तरी सहा मिनिटं फिरेल.

समोरच्या गच्चीवरून शितोळेकाका ओरडले,
अगं शाल्मली, पंखा चालूच राहिला!
राहू दे, बाबा म्हणाले.
बॅटरी खातो थोडी. खाऊ दे.

चौथ्या मिनिटाला मी म्हटलं,
त्यातलं एक खोकं मी अजून उघडलं नाहीये.
ते काही बोलले नाहीत.
पाचव्याला मी त्यात काय आहे ते सांगायला लागले.
सहाव्याला पंखा थांबला.
बाबांनी खिडकीतून हात घालून
किल्ली लावली, एकदा फिरवली, परत काढली.
आणखी सहा मिनिटं.