अठरा – पंच्याहत्तर

आप्पा कॅम्पातल्या क्लबात मार्कर होते.
मार्कर म्हणजे आकडा लावणारा, खडू देणारा,
जाळीच्या खिशात हात घालून
दुसऱ्यानं पाडलेला बॉल वर काढणारा.
खेळणारा नव्हे.

हिंडलग्याहून डबा घेऊन मी जायचे.
मुलींना आत मनाई. मागच्या खिडकीच्या पत्र्याला
एका डोळ्यापुरतं भोक होतं,
त्यामुळं टेबल मला कायम अर्धंच ठाऊक:
हिरव्या कापडावरची आडवी रेघ
आणि रेघेवर हिरवा, तपकिरी, पिवळा.
काळा पलीकडच्या टोकाला.
तो मी कधी पाहिला नाही,
पडताना ऐकला फक्त.

गोकाकचा कंत्राटदार खेळत असला तर आप्पा म्हणत, एळु.
आपल्यापैकी कुणी असला तर, सात.
मेजरसाहेबांना, सेव्हन.
ज्या आठवड्यात बाहेर पाट्यांना डांबर फासलं गेलं
त्या आठवड्यात आप्पांनी तोंडच उघडलं नाही,
भिंतीवरच्या फळीवर नुसता काटा सरकवला.
पितळेचा काटा. त्याला कुणी विचारलं नाही
तू कुठल्या बाजूचा.

क्लबाच्या कपाटात वाळवी लागलेली जाड पुस्तकं होती.
दुपारी साहेब झोपले की आप्पा
एकेक अक्षर लावून ती वाचत,
आणि रात्री सायकलच्या दांडीवर मला विचारत:

सत्तावीस साल, पहिली जागतिक स्पर्धा. जिंकणाऱ्याला काय मिळालं?
साडेसहा पौंड.
हां. आणि पंच्याऐंशीची फायनल?
सतरा-सतरा फ्रेम, मध्यरात्र उलटलेली,
टेबलावर एकटा काळा.
जिंकला कोण?
त्या काळ्याआधी
जो एकदाबी पुढं न्हवता, तो.

इथं आप्पा पेडल मारायचे थांबत.
उतार होता म्हणून सायकल जात राही.

एकदा म्हणाले, एक गडी सहा वेळा फायनलला गेला बघ,
एकदाबी जिंकला न्हाई. त्याला काय म्हणायचं?
मी म्हटलं, बिचारा.
आप्पा म्हणाले, खुळी काय गं?
सहा वेळा फायनलला गेलेला, म्हणायचं.

मग क्लबाचा वर्धापनदिन आला.
केक, पंखे, माइकची शिट्टी, प्रश्नमंजूषा.
प्रश्न नववा: स्नूकर हा खेळ कुठं जन्मला?
कुणी म्हणालं लंडन, कुणी शेफील्ड,
डॉक्टरांच्या सूनबाई म्हणाल्या, स्कॉटलंड असेल बहुतेक.
चिठ्ठीवर लिहिलेलं होतं इंग्लंड.
टाळ्या झाल्या.

भोकातून मला आप्पांचा अर्धा खांदा दिसत होता.
मला उत्तर येत होतं. जबलपूर!
छावणीतली मेस, कंटाळलेले गोरे अधिकारी,
आणि स्नूकर म्हणजे तरी काय,
फौजी शाळेतल्या नवख्या पोराला मारायची हाक,
ज्याला अजून काही येत नाही त्याला.
मी पत्र्यावर नख वाजवलं.

आप्पा हलले. फडकं घेऊन फळीपाशी गेले,
पुसल्यासारखं केलं,
वरचा काटा अठरावर नेला,
खालचा पंच्याहत्तरवर.
फडकं खांद्यावर टाकून परत भिंतीला लागून उभे राहिले.

कुणाला वाटलं असेल
दुपारच्या डावाचा आकडा राहून गेलाय.
एकजण म्हणालासुद्धा,
कोण हो हा एवढ्यानं हरलेला?

आता तिथं टेबल नाही.
खालची पाटीची फरशी पिरनवाडीच्या मंगल कार्यालयात गेली,
तीवर पत्रावळ्या रचतात म्हणे.
फळी तेवढी आप्पांनी मागून घेतली, घरी चुलीशेजारी टांगली.
आई तिच्यावर दुधाचा हिशोब ठेवते,
वर सकाळचं, खाली संध्याकाळचं.

परवा गेले तेव्हा आप्पा कॉटवर तोंड फिरवून पडलेले
आणि आई फळीपुढं कमरेवर हात ठेवून उभी:
अठरा? पंच्याहत्तर?
काय चाललंय ह्या घरात?
येवढं दूध मी घेतलोच न्हाई की!