तेरा थेंब

धडगावला गोळेवाल्याकडून बर्फ घेतला, उधार.
थर्मासात बर्फ, बर्फात पिशवी, पिशवीत रुमाल,
रुमालात ती करंगळीएवढी कुपी.
शंभर कोंबड्यांचं औषध,
आणि जीपच्या टपावर मी, ते मांडीत धरून,
बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू न्यावेत तसा.

रात्री वेस्तीबाईच्या ओट्यावर झोपलो.
चारला तिनं पायाचा अंगठा हलवून उठवलं.
कोंबड्या अजून डालग्याखाली होत्या.
एकदा सुटल्या की सरकारलाही सापडायच्या नाहीत,
ती म्हणाली, पावरीत.
मी अमळनेरचा, अहिराणीत हसलो.

मानमोडी.
हा एक शब्द मात्र आम्हा दोघांचा.
मागल्या होळीनंतर आली होती.
कोंबडी मान पिळून आभाळाकडे बघत बसते,
वर काहीतरी विसरल्यासारखी.
चौथ्या दिवशी अंगण इतकं गप्प
की जात्याचा आवाज शेजारच्या पाड्याला गेला.
सोळा गेल्या वेस्तीबाईच्या.
सोळा म्हणजे मीठ, तेल, पोरीचं आश्रमशाळेचं भाडं,
भगताची एक, पाहुण्यांच्या दोन,
आणि अडीनडीला बाजारात पाय बांधून न्यायची
पिसं फुटलेली चिल्लर.

म्हणून या वेळी तिनंच पाडाभर सांगितलं होतं :
थेंबाला रुपया.
मी म्हणालो, बाई, योजना फुकट आहे.
ती म्हणाली, फुकटासाठी पहाटे कोण उठतं?
एका म्हातारीनं रुपयाऐवजी अंडं दिलं,
कोमट होतं, ते खिशात घालून मी दिवसभर
बसताना जपून बसलो.

बॅटरी माझ्या तोंडात, कोंबडी तिच्या काखेत,
डोळ्यावर एक थेंब.
सोडू नको, ती दर पोराला बजावते,
पापणी मिटू दे.
कोंबडीची पापणी खालून वर येते,
हे मला नोकरीच्या नवव्या वर्षी दिसलं.

सत्त्याऐंशी झाल्या.
कुपी फोडून दीड तास.
दोन तासांनंतर ते नुसतं पाणी.
मी वही उघडली. रकाना आहे त्यासाठी :
वाया, तेरा.

वेस्तीबाई नाल्याकडे बघत होती.
पलीकडे दित्याचं घर.
एका मोहाच्या झाडावरून पाच वर्षं बोलणं बंद.
झाड कधीच वाळलं, भांडण मात्र हिरवं.
मानमोडी काय नाला विचारून ओलांडते?
हे ती मला नाही, थर्मासला म्हणाली,
आणि लुगडं खोचून उतरली.
बॅटरी घेऊन मी मागे, दगडांवर घसरत.

दित्याची बायको दारात.
कुणी काही बोललं नाही.
तिनं आत जाऊन पहिली कोंबडी आणली,
मग दुसरी.
मध्येच एकदा वेस्तीबाई म्हणाली, पापणी मिटू दे.
पाच वर्षांनंतरचं पहिलं वाक्य ते.
दित्या खाटेवर उठून बसला आणि विडी शोधू लागला,
कानावर असलेली.

तेरा झाल्या.
चौदावी तांबूस होती, उघड्या मानेची.
ड्रॉपर दाबला, एक बुडबुडा आला.
पुन्हा दाबला. बुडबुडाही नाही.
तरी दित्याची बायको ती धरून उभी राहिली,
तिला कुणी शिकवलं होतं तसं,
पापणी मिटेपर्यंत.

मी लिहिलं : वाया, शून्य.
चौदावीसाठी वहीत रकाना नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तोच ओटा, तोच थर्मास,
मागची उधारी चुकवून नवी केलेली.
कुपी अजून फोडायची होती.
अंधारात नाल्याकडून कुणी चढत येत होतं,
काखेत तांबूस काहीतरी.
तीच होती की तिची पिल्ली,
विचारलं नाही.
पहिला थेंब तिला.