दाबून लिहिलेलं

चहा सांडला आणि तो हसला,
एवढ्यावरच रत्नमालेनं
रातोरात पत्र लिहिलं:
नवरा नको, हसणारा तर नकोच.
पेन इतका दाबला
की खालच्या वहीचीही तीन पानं कोरली गेली.
पहाटे पेटीत टाकूनही आली.

दुपारी धाकटा म्हणाला,
काहून वं ताई, तो तुले थोडाच हसला?
बकरी त्याच्या मामाचं धोतर खात होती.

मेश्राम पोस्टमन येईस्तोवर
ती पेटीखालीच बसून.
"टाकलं की ते त्याचं झालं, बाई.
नियम हाय."
आणि थैला घेऊन
तो त्याच गावच्या एस.टी.त चढला.

मग भावाची सायकल. विचारतं कोण!
जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या,
बाभळीच्या काट्यांना अडकलेले पांढरे पुंजके,
चेन दोनदा पडली,
ओढणीभर वंगण.

वैरागड्यांच्या संत्र्याच्या बागेत
तो पाणी वळवत होता, पोटऱ्यांपर्यंत चिखलात.
खिशात पाकीट, न फोडलेलं.
"माझे हात ओले हायेत.
आल्याच आहात, तर तुम्हीच वाचा न."

तिनं वाचलं.
कागदावर नसलेलं सगळं वाचलं:
आईचं गुडघेदुखीचं औषध,
आंबिया बहाराला भाव काय,
बकरी विकली,
आणि शेवटी, धापा टाकत, होकार.

ऊन तिच्या पाठीमागून येत होतं.
कागदातून आरपार उमटलेला 'नको'
त्याला उलटा दिसत होता,
दोनदा अधोरेखित.

तो हसला नाही.
फक्त फावडं हातातून सुटलं,
आणि पाणी
भलत्याच झाडाच्या आळ्यात शिरलं.